206 किलो प्लुटोनियम हिशोबात कमी पडतं म्हणजे नक्की काय होतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: जपानच्या तोकाईच्या रिप्रोसेसिंग प्लांटमध्ये, म्हणजे वापरलेल्या अणुइंधनातून प्लुटोनियम वेगळं काढणाऱ्या कारखान्यात, 25 वर्षांत मिळून 206 किलो प्लुटोनियमचा ताळमेळ लागला नव्हता असं वाचलं, 8 किलोचीसुद्धा काळजी करतात म्हणे, मग हे चोरीला गेलं का? नसेल गेलं तर एवढी महाग आणि धोक्याची वस्तू ग्रॅम-ग्रॅम मोजत का नाहीत? आणि मोजूनही फरक पडणारच असेल तर या हिशोबाचा उपयोग काय? विचारणारा एमएस्सी केमिस्ट्रीचा विद्यार्थी आहे आणि पुढे याच कामात यायचा विचार करतोय, म्हणून जरा लांबलचक लिहिते. मी तीसेक वर्षं युरेनियम इंधनाच्या कामात काढली, आधी ॲनालिटिकल लॅबमध्ये आणि शेवटची अकरा वर्षं मटेरियल अकाउंटिंगमध्ये. प्लुटोनियमबद्दल जे सांगते ते जाहीर झालेल्या माहितीवरून, स्वतःच्या हाताखालून गेलेलं सगळं युरेनियम.

आधी सरळ उत्तर. तोकाईत चोरी झाल्याचा कुठलाही पुरावा पुढे आला नाही. जानेवारी 2003 मध्ये जपान सरकारने 206 किलोचा आकडा सांगितला, आणि एप्रिलमध्ये पुन्हा गणित करून तो 59 किलोवर आणला. म्हणजे तीन महिन्यांत 147 किलो "सापडलं", आणि ते कुठल्या कपाटात सापडलं नाही, कागदावर सापडलं. हे ऐकून तुमचा विश्वास आणखी कमी झाला असेल तर तुम्ही बरोबर जागी आहात, कारण या कामातली खरी गोष्ट तिथूनच सुरू होते.

हिशोबाचं सूत्र किराणा दुकानाचंच आहे. सुरुवातीची शिल्लक, त्यात आवक मिळवा, जावक वजा करा, म्हणजे पुस्तकाप्रमाणे किती असायला हवं ते येतं, आणि मग प्रत्यक्ष मोजून किती आहे ते त्यातून वजा करा. जे उरतं त्याला मटेरियल अनअकाउंटेड फॉर म्हणतात, आम्ही नुसतं मफ म्हणायचो. दुकानदाराकडे साखर पोत्यात येते आणि पुडीत जाते, मध्ये ती साखरच असते. रिप्रोसेसिंगमध्ये माल येतो तो वापरलेल्या इंधनाच्या नळ्यांच्या रूपात, इतका किरणोत्सारी की जाड भिंतीआडून यंत्राच्या हातांनीच हाताळायचा, मग तो कापतात, नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवतात, द्रावण टाक्यांमधून फिरतं, युरेनियम आणि प्लुटोनियम वेगळं होतं, शेवटी ऑक्साइडची पावडर होते. प्रत्येक टप्प्यावर रूप वेगळं, मोजायची पद्धत वेगळी, आणि मोजण्यातली चूकही वेगळी.

आणि "आवक" हाच शब्द बघा. अणुभट्टीतून निघालेल्या इंधनात प्लुटोनियम किती आहे हे भट्टीवाले मोजत नाहीत, मोजूच शकत नाहीत, ते कॉम्प्युटर कोडने काढतात: इंधन किती जळलं, किती दिवस भट्टीत होतं, त्यावरून गणित. पहिलं खरं मोजमाप होतं ते इंधन विरघळल्यावर, इनपुट अकाउंटेबिलिटी टाकीत. म्हणजे पाठवणाऱ्याचा आकडा गणिताचा आणि घेणाऱ्याचा मोजलेला. दोन्हीत फरक येतो त्याला शिपर-रिसीव्हर डिफरन्स म्हणतात, आणि तो बरेच दिवस साठत गेला तर मोठा दिसायला लागतो. तोकाईच्या 206 किलोच्या खुलाशात हे कोडचं गणितही होतं, इंधनाच्या कापलेल्या टरफलांमध्ये आणि द्रव कचऱ्यात गेलेलं प्लुटोनियम होतं, आणि अमेरिसियम झालेलंही होतं.

अमेरिसियमचं सांगते, कारण नवीन मुलं तिथे हमखास गोंधळतात. प्लुटोनियम-241 चं अर्धआयुष्य साधारण 14.3 वर्षं. समजा तुमच्याकडे 100 किलो प्लुटोनियम आहे आणि त्यात 12 किलो हा 241 आहे, तर वर्षभर कुलूपबंद ठेवलंत तरी अर्ध्या किलोहून जास्त प्लुटोनियम कमी होतं, त्याचं अमेरिसियम-241 होतं. कुणी हात लावला नाही, सील तुटलं नाही, तरी शिल्लक कमी. खातेवहीत ही घट वेळच्या वेळी टाकली नाही तर मफ फुगतो. हे अगदी शाळेतलं गणित आहे, तरी कधीची तारीख धरायची, विश्लेषण कुठल्या दिवशी झालं, घट कुठल्या दिवसापर्यंत मोजली, यात चुका होतात.

आता टाकीकडे येते, कारण "ग्रॅम-ग्रॅम का मोजत नाहीत" याचं उत्तर टाकीत आहे. टाकीतला माल म्हणजे आकारमान गुणिले सांद्रता, बस्स. पण ती टाकी काचेच्या मोजपात्रासारखी नसते. आत पाइप असतात, ढवळायची व्यवस्था असते, तळ गोलाकार असतो, भिंत थोडी वाकडी असते. म्हणून टाकी वापरात घ्यायच्या आधी तिचं कॅलिब्रेशन करतात, म्हणजे वजन केलेलं पाणी थोडं थोडं ओतायचं आणि प्रत्येक वेळी पातळी नोंदवायची. पातळी डोळ्यांनी बघत नाहीत, टाकीत तळापर्यंत गेलेल्या बारीक नळीतून हळूहळू हवेचे बुडबुडे सोडतात आणि तो बुडबुडा बाहेर पडायला किती दाब लागतो त्यावरून वर किती द्रव आहे ते कळतं. दुसरी नळी ठराविक अंतर वर असते, दोघींच्या दाबातल्या फरकावरून घनता मिळते.

आमच्याकडे युरेनिल नायट्रेटची एक टाकी होती, तिचं कॅलिब्रेशन आम्ही एप्रिल महिन्यात केलं. पहिली फेरी दुपारी, दुसरी रात्री, कारण शिफ्ट तशी होती. दोन्ही फेऱ्यांचे आलेख एकावर एक ठेवले तर बसेनात. सगळीकडे तेवढाच फरक, साधारण 0.3 टक्के. काटा तपासला, ठीक. दाब मोजणारा मॅनोमीटर तपासला, ठीक. दोन दिवस डोकं खाल्लं आणि मग आमच्यातल्या एका जुन्या टेक्निशियन काकांनी विचारलं की पाणी कुठून घेताय. पाणी गच्चीवरच्या टाकीतून येत होतं. दुपारी ते 35 अंशाला होतं आणि रात्री 25 ला. 25 अंशाला पाण्याची घनता 0.9970, 35 ला 0.9940. झाला की तुमचा 0.3 टक्के. आम्ही वजन अचूक केलं होतं, तापमान मात्र फॉर्मवर एकदाच, सकाळी लिहिलं होतं आणि दिवसभर तेच धरलं होतं. कुणाला वाटेल 0.3 टक्क्याने काय होतं, पण वर्षाला 8 टन प्लुटोनियम जाणाऱ्या प्लांटमध्ये 0.3 टक्के म्हणजे 24 किलो. आणि ही चूक दर वेळी एकाच बाजूला पडते, टाकी हजार वेळा भरली तरी एकमेकींना काटत नाही. कॅलिब्रेशनमध्ये गेलेली चूक पुढचं कॅलिब्रेशन होईपर्यंत प्रत्येक बॅचमध्ये बसून राहते. मला त्या दोन दिवसांनी जे शिकवलं ते नंतर कुठल्याही ट्रेनिंगमध्ये मिळालं नाही.

सांद्रतेची बाजू मात्र बरी आहे. युरेनियमसाठी आम्ही डेव्हिस-ग्रे पद्धत वापरायचो, फॉस्फोरिक ॲसिडमध्ये फेरस सल्फेटने युरेनियम क्षपण करून मग डायक्रोमेटने टायट्रेशन, नीट केलं तर हजारात एक किंवा त्याहूनही चांगलं जमतं. प्लुटोनियमला मास स्पेक्ट्रोमीटरवर आयसोटोप डायल्यूशन करतात, तेही त्याच दर्जाचं. पण लॅब फक्त तिच्यापर्यंत आलेल्या चार थेंबांबद्दल बोलते. टाकी नीट ढवळली नसेल, खाली गाळ बसला असेल, नमुना ओढायच्या नळीत मागच्या बॅचचं द्रावण राहिलं असेल, तर लॅबचं उत्तर अतिशय अचूक आणि तरी चुकीचं. लॅबमध्ये होते तेव्हा मला वाटायचं सगळा हिशोब आमच्या टायट्रेशनवर उभा आहे, अकाउंटिंगला गेल्यावर कळलं की खरी भीती नमुन्याची.

पावडरचंही तसंच. युरेनियम डायऑक्साइडमध्ये वजनाने सुमारे 88 टक्के युरेनियम. पण पावडर हवेतला ऑक्सिजन घेते, ओलावा घेते. पावसाळ्यात उघडा राहिलेला डबा काट्यावर वजनाने वाढतो, युरेनियम तेवढंच असतं. काटा खोटं बोलत नाही, तुम्ही त्याला गुणणारा 88 टक्क्यांचा आकडा जुना झालेला असतो.

आता सगळ्यात मोठं प्रकरण, होल्ड-अप. म्हणजे यंत्रात, पाइपमध्ये, ग्लोव्हबॉक्सच्या (बाहेरून हातमोज्यांतून काम करायच्या बंद पेटीच्या) कोपऱ्यात, हवेच्या डक्टमध्ये चिकटून राहिलेला माल. आपल्याकडे सोनाराच्या दुकानातली धूळ झाडून नेणारे झारेकरी असतात, ते पैसे देऊन ती केरकचऱ्याची धूळ विकत घेतात आणि धुऊन, गाळून त्यातून सोनं काढतात. सोनाराला ठाऊक असतं की वर्षभरात घासताना, कापताना उडालेलं सोनं कुठेही गेलेलं नाही, खोलीतच आहे, पण ते नेमकं किती आहे हे झाडल्याशिवाय सांगता येत नाही. होल्ड-अप म्हणजे हेच, फरक एवढाच की ती खोली तुम्हाला उघडून झाडता येत नाही.

तोकाईतच, पण रिप्रोसेसिंग प्लांटच्या नव्हे तर प्लुटोनियम इंधन बनवणाऱ्या कारखान्याच्या बाबतीत, 1994 मध्ये बाहेर आलं की सुमारे 70 किलो प्लुटोनियम ग्लोव्हबॉक्समध्ये आणि यंत्रांमध्ये चिकटून बसलंय. नवा कारखाना, माणसाचा हात कमीत कमी लागेल असा बांधलेला, पावडर बारीक, ती सगळीकडे जाऊन बसली. बाहेरून उपकरण लावून जो अंदाज येत होता त्यावर कुणाला पुरेसा भरवसा ठेवता येईना, शेवटी यंत्रं उघडून, साफ करून 1996 च्या अखेरीस तो फरक 10 किलोच्या खाली आणावा लागला. फ्रान्सच्या कादाराशमध्ये तर उलट झालं. तिथला जुना मॉक्सचा, म्हणजे युरेनियम-प्लुटोनियमच्या मिश्र इंधनाचा, कारखाना 2003 मध्ये बंद झाला होता, ग्लोव्हबॉक्समध्ये अंदाजे 8 किलो उरलंय असं धरलेलं होतं. मोडायला घेतल्यावर 22 किलो निघालं, आणि एकूण 39 किलोपर्यंत असेल असा नवा अंदाज आला. हे ऑक्टोबर 2009 मध्ये जाहीर झालं. तिथे काही हरवलं नव्हतं, होतं त्यापेक्षा कमी धरलं होतं, आणि मला ते जास्त गंभीर वाटतं, कारण एकाच जागी अपेक्षेपेक्षा जास्त प्लुटोनियम साठणं हा क्रिटिकॅलिटीचा प्रश्न आहे, म्हणजे नको तिथे साखळी अभिक्रिया सुरू होण्याचा. अमेरिकेत रॉकी फ्लॅट्सच्या हवेच्या डक्टमध्ये 28 किलोच्या आसपास प्लुटोनियम साठलेलं निघालं होतं, तेही असंच.

होल्ड-अप बाहेरून मोजणं किती अवघड आहे ते प्रत्यक्ष केल्याशिवाय पटत नाही. आम्ही डक्टवर गॅमा डिटेक्टर लावायचो, भोवती शिशाचं कवच, समोर फक्त एक छिद्र, आणि युरेनियम-235 ची 186 केईव्हीची (किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टची) रेषा मोजायची. शिडीवर उभं राहून एक हात डक्टवर, दुसऱ्या हातात डिटेक्टर, खाली कुणीतरी आकडे लिहून घेतंय, असं पूर्ण लाइनभर. सरळ भागात आकडा शांत असायचा आणि वळण आलं की एकदम तिप्पट. पण तो तिप्पट म्हणजे माल तिप्पटच असं नाही, कारण 186 केईव्हीचं किरण युरेनियममध्ये काही मिलिमीटरच्या पुढे टिकत नाही, थर जाड असेल तर आतला माल बाहेरच्या मालाच्या मागे लपतो आणि तुम्हाला फक्त पापुद्रा दिसतो. म्हणून जिथे जास्त साठलंय तिथेच आकडा कमी सांगतो. प्लुटोनियमवाले न्यूट्रॉन मोजतात, न्यूट्रॉन सहज बाहेर येतात, पण मग शेजारच्या ग्लोव्हबॉक्सचेही न्यूट्रॉन तुमच्याच डिटेक्टरमध्ये येऊन बसतात. म्हणून होल्ड-अपच्या आकड्यापुढे मोठी अनिश्चितता लिहिलेली असते आणि ती लिहायला कुणी लाजू नये.

यातून एक गोष्ट निघते, आणि माझ्या मते ती सगळ्यात महत्त्वाची. मफ शून्य येणं हे ध्येय नाही. प्रत्येक मोजमापाची अनिश्चितता माहीत असते, त्या सगळ्या एकत्र करून मफची स्वतःची अनिश्चितता काढतात, तिला सिग्मा-मफ म्हणतात. आयएईएच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या, मापदंडात प्लुटोनियम रिप्रोसेसिंगला ती मालाच्या 1 टक्का धरतात, युरेनियम इंधन बनवण्याला 0.3 टक्के, संवर्धनाला, म्हणजे एनरिचमेंटला, 0.2 टक्के. आता जपानचाच रोक्काशो प्लांट घ्या, क्षमता वर्षाला 800 टन वापरलेलं इंधन, त्यातून साधारण 8 टन प्लुटोनियम. त्याचा 1 टक्का 80 किलो. आणि आयएईएची सिग्निफिकंट क्वांटिटी, म्हणजे जितक्या मालातून एक स्फोटक बनण्याची शक्यता नाकारता येत नाही ती मात्रा, प्लुटोनियमसाठी 8 किलो, अतिसंवर्धित युरेनियममध्ये 25 किलो युरेनियम-235. म्हणजे वर्षातून एकदा नुसता ताळेबंद मांडून 8 किलो गेले की नाही हे सांगता येणार नाही, मोजमापाच्या धुक्यातच दहा पट जास्त माल बसतो. हे लपवण्यासारखं काही नाही, सेफगार्ड्सवाले, म्हणजे माल शस्त्रांकडे वळत नाही ना हे तपासणारे, स्वतः हे गृहीत धरूनच पुढची सगळी मांडणी करतात.

पुढची मांडणी काय, तर एक म्हणजे ताळेबंद वर्षातून एकदा न मांडता सारखा मांडायचा, महिन्याला किंवा त्याहून लवकर. महिन्याभरात माल कमी फिरतो, म्हणून चूकही लहान. प्लुटोनियमसारख्या थेट वापरता येणाऱ्या मालाला आयएईएने मुदतच महिन्याची ठेवलीय, वापरलेल्या इंधनातल्याला तीन महिने, साध्या युरेनियमला वर्ष. दुसरं म्हणजे एका आकड्याकडे न बघता आकड्यांच्या रांगेकडे बघायचं. मी कुठलाही प्लांटचा रिपोर्ट हातात आला की आधी चिन्ह बघायचे. या वेळी अधिक, पुढच्या वेळी उणे, पुन्हा अधिक, लहान-मोठे, असं असेल तर ती नैसर्गिक थरथर. पण आठ-दहा वेळा सलग अधिक, अधिक, अधिक, आणि प्रत्येक आकडा मर्यादेच्या आतच, तर तिथे थांबायचं. प्रत्येक आकडा एकेकटा निर्दोष असतो आणि रांग काहीतरी सांगत असते. टाकीचं कॅलिब्रेशन सरकलेलं असेल, कचऱ्याचा अंदाज कमी धरला असेल, कुठेतरी होल्ड-अप वाढत असेल, किंवा खरोखर माल जात असेल. तोकाईचे 206 भागिले 25 केलं तर वर्षाला 8 किलोच्या जरा वर येतं. एकेका वर्षाकडे बघितलं तर लहान वाटणारा आकडा, मोठा दिसतो तो बेरजेत.

आणि शून्याबद्दल. एकदा एका तिमाहीचा ताळेबंद माझ्यासमोर आला आणि मफ जवळजवळ शून्य. सगळे खूश. मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी होल्ड-अपची मूळ नोंदवही मागवली, तर मोजलेला आकडा वेगळा आणि ताळेबंदात टाकलेला वेगळा. ज्या मुलाने केलं होतं त्याने काही चोरलं नव्हतं, त्याची समजूत अशी झाली होती की होल्ड-अप हा अंदाजच असतो, मग तो ताळा बसेल असा का धरू नये. मी त्याला ओरडले नाही. त्याच्यासोबत बसून पुन्हा पूर्ण लाइन मोजली, खरा मफ आला तो मर्यादेतच होता, त्याला काही करायची गरजच नव्हती. पण त्या दिवसापासून आमच्याकडे नियम झाला की होल्ड-अप मोजणाऱ्याला पुस्तकी शिल्लक दाखवायची नाही, त्याने मोजून आकडा सही करून बंद पाकिटात द्यायचा आणि मगच ताळेबंद उघडायचा. मफ बघून होल्ड-अप ठरवायला लागलात की तुम्ही तुमच्या एकुलत्या एक धोक्याच्या घंटेची जीभ कापली असं समजा.

काही फरक मात्र अगदी साधे असतात. वार्षिक मोजणीच्या वेळी प्लांट थांबवतात, लाइन धुऊन काढतात, प्रत्येक डबा टॅग नंबरने शोधून, वजन करून यादीशी ताडतात. एका वर्षी 2.70 किलोचा फरक निघाला. आम्ही मुली-मुलं लॅबचे रिझल्ट उपसत बसलो. अकाउंट्समधून बदली होऊन आमच्याकडे आलेले एक गृहस्थ होते, त्यांनी कागद बघितला आणि म्हणाले, "नऊने भाग जातोय, आकडे उलटे पडलेत." दहा मिनिटांत सापडलं, डब्यावर 13.68 आणि पुस्तकात 16.38. शेजारचे दोन आकडे अदलाबदल झाले की फरकाला नेहमी नऊने भाग जातो, जुन्या कारकुनांना हे तोंडपाठ असतं, आम्हा केमिस्ट्रीवाल्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

मग उपयोग काय, हा तिसरा प्रश्न. इंग्लंडमधल्या सेलाफील्डच्या थॉर्प या रिप्रोसेसिंग प्लांटची गोष्ट सांगते, कारण तिच्यात या कामाची ताकद आणि कमजोरी दोन्ही दिसतात. तिथे विरघळलेलं इंधन मोजायच्या टाक्या टांगलेल्या होत्या, मुद्दाम, म्हणजे त्यांचं वजन करता यावं. टांगलेली टाकी ढवळताना हलायची, आडवं हलणं रोखायची जी व्यवस्था मूळ आराखड्यात होती ती राहिली नव्हती, आणि वर्षानुवर्षं हलून हलून टाकीला जोडलेला एक पाइप थकून तुटला. गळती बहुधा 2004 मध्ये कधीतरी सुरू झाली आणि उघडकीला आली एप्रिल 2005 मध्ये. तोपर्यंत 83 घनमीटर, म्हणजे 83 हजार लिटर द्रावण खालच्या जाड काँक्रीटच्या खोलीत, स्टीलच्या अस्तरात जमलं होतं. सुमारे 22 टन युरेनियम आणि त्यातच 160 किलोच्या आसपास प्लुटोनियम. बाहेर काही गेलं नाही, कुणाला इजा नाही, सगळं द्रावण परत उपसून घेता आलं, पण कंपनीला 2006 मध्ये 5 लाख पौंड दंड झाला.

गळतीची सूचना द्यायला खाली सम्पमध्ये, म्हणजे गळालेलं द्रावण जमायच्या खड्ड्यात, उपकरण होतं, ते नीट चालत नव्हतं. सम्पमधल्या नमुन्यांमध्ये युरेनियम दिसलं होतं, त्याकडे वेळेत लक्ष गेलं नाही. शेवटी कॅमेरा आत उतरवायला भाग पाडलं ते हिशोबाने, आलेला माल आणि पुढे गेलेला माल यांतला फरक खुलाशाच्या पलीकडे गेला तेव्हा. म्हणजे ज्या हिशोबाला लोक कागदी काम म्हणतात त्यानेच गळती पकडली, आणि त्याच हिशोबाने पकडायला इतके महिने लावले. दोन्ही खरं आहे. फरक दिसला की पहिली प्रतिक्रिया सगळीकडे हीच असते की मोजण्यात चूक असेल, पुढच्या महिन्यात बसेल. मी स्वतः हे वाक्य बैठकांमध्ये किती वेळा ऐकलंय त्याची गणती नाही.

हिशोबाच्या धुक्यात जे दिसत नाही ते पकडायला सील आणि कॅमेरे असतात. आयएईएचं जुनं धातूचं सील नाण्याएवढं, दोन टोप्या एकमेकींत बसणाऱ्या, त्यातून तार. आतल्या बाजूला ओरखडे असतात, प्रत्येक सीलचे वेगळे, लावण्याआधी त्यांचा फोटो काढून ठेवतात, आणि काढल्यावर सील व्हिएन्नाला नेऊन त्या फोटोशी ताडतात. बोटांच्या ठशांसारखंच. सील शाबूत असेल तर त्या मागचा माल पुन्हा मोजायची गरज बरीच कमी होते. रोक्काशोत तर प्लांट बांधत असतानाच निरीक्षकांनी पाइप कुठून कुठे जातात ते ताडून घेतलं, टाक्यांच्या पातळीची माहिती सतत त्यांच्याकडे जाते, आणि नमुने तपासायला प्लांटच्या आवारातच लॅब आहे. आपल्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या 1969 मध्ये सुरू झाल्या, आणि 1971 मध्ये भारत, अमेरिका आणि आयएईए यांच्यात त्यांच्यासाठी त्रिपक्षीय करार झाला. नंतर भारताने नागरी आणि लष्करी सोयी वेगळ्या केल्या आणि 2009 च्या कराराखाली नागरी यादीतल्या सोयी टप्प्याटप्प्याने आयएईएच्या तपासणीत आल्या, बाकीच्यांचा हिशोब देशातल्या देशात ठेवला जातो. मोजायच्या पद्धती दोन्हीकडे त्याच.

तुम्ही या कामात यायचं म्हणताय तर पहिल्या आठवड्यात सॉफ्टवेअर शिकत बसू नका, ते महिन्याभरात येईल. टाक्यांचे कॅलिब्रेशन रिपोर्ट मागा आणि तारीख बघा, त्यावर तापमान किती वेळा लिहिलंय ते बघा. मागच्या दोन-तीन वर्षांचे मफ एका कागदावर चिन्हांसकट हाताने उतरवून काढा. नमुना घेताना ऑपरेटरसोबत उभे राहा, टाकी किती वेळ ढवळतात ते घड्याळ लावून बघा आणि प्रोसिजरमध्ये किती लिहिलंय ते ताडा. आणि होल्ड-अप मोजायला कोण शिडीवर चढतं त्याची ओळख करून घ्या, त्याच्यासोबत एकदा स्वतः चढा, कारण उद्या त्याच्याच आकड्यावर तुम्हाला सही करायची आहे.